बांधलेलं खोकं उघडणाऱ्या बाई

फूलबागेजवळची ती छोटी सरकारी लॅब मोठ्या इस्पितळात विलीन होत होती. सामान बांधून झालं होतं, आणि माझी गरोदर बायको तापाने फणफणली होती. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि बांधलेलं खोकं पुन्हा उघडलं.

"उद्या नव्या जागी येऊ का?" मी विचारलं.

"कल कशाला, भैया? ताप आजचा आहे, डेंग्यू असेल तर आजच कळेल. बसा."

सुई टोचताना 'स्स' केलं ते बाईंनीच.

डेंग्यू निघाला. तिला लगेच दाखल केलं, म्हणून पुढे प्लेटलेट्स घसरल्या तेव्हा डॉक्टर उशाशी होते.

मुलीच्या बारशाला सगळे देवाचे आभार मानत होते. मी मनातल्या मनात त्या बाईंना हात जोडले. त्यांचं नाव विचारायचंच राहून गेलं होतं.