पाळी भाऊंची होती

मोरेश्वरभाऊ गेले, आणि पंचावन्न मिनिटांत मी त्यांच्याविरुद्ध डाव जिंकणार होतो.

भाऊ म्हणजे कुरखेड्याचे झेरॉक्सवाले. शाळा सोडून हिंडणाऱ्या मला त्यांनी दुकानात बसवून 'गो' नावाचा पटावरचा खेळ शिकवला.

काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी जागा घेरायची. गोट्या कुठून आणणार? काळे म्हणून चिंचोके, पांढरे म्हणून नदीतले खडे. प्लायवुडच्या फळीवर रेघा भाऊंनीच मारल्या. एक तिरपी गेली. ती माझ्यामुळे, मी त्यांना हसवलं होतं.

असो.

शेवटी दोघंही 'पास' म्हणतात, मग जागा मोजतात. ऑनलाइन मात्र हरणारा पासच देत नाही. फालतू गोट्या टाकत बसतो. समोरचा कंटाळला, त्याचा टाइम संपला, की हाच जिंकला.

भाऊ त्या खेळाच्या साईटवर पंच म्हणून अशाच तक्रारी निस्तरायचे. फुकटात. गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनवर तसंच, अन हे कोण्या परदेशी माणसावर चिडलेले.

"हरला त हरला म्हण ना बे! समोरच्याले काऊन अडकवतं?"

"भाऊ, त्याले मराठी येते का?"

"मेसेज इंग्लिशमधी टाकला. शिव्या मराठीत देऊन राह्यलो."

मग साईटनंच सोय आणली. निकाल पक्का झाला की जिंकणाऱ्याला एक बटण येतं. दाबलं की गेम खतम. त्या दिवशी भाऊंनी दुकानातल्या अख्ख्या लाईनीला चहा पाजला.

यंदा मी वडशाला नाटक कंपनीच्या ट्रकवर लाइट चढवायला लागलो. भाऊंशी मोबाईलवर सावकाश डाव चालू होता. एका चालीला तीन दिवस.

मी हरल्यात जमा होतो.

अन मीच पास न देता फालतू गोट्या टाकून अडवायला लागलो.

भाऊंचा नियम होता. डाव संपला की हरणाऱ्यानं घरी यायचं, फळीवर मांडायचं, स्वतःच्या हातानं मोजायचं. अन गेलो असतो तर त्यांनी बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म पुढं केला असता. काढूनच ठेवला होता.

"भाऊ, तुमाले बटण आलं असन ना? दाबा ना मंग."

"आलं ना. मी नाई दाबत. तूच पास दे. मी थांबतो."

परवा सकाळी चहा पिता पिता गेले.

मी धानोऱ्याकडं होतो, रेंज नाही. आज सकाळी पाण्याच्या टाकीवर चढलो तेव्हा बाईंचा मेसेज दिसला. बाई म्हणजे भाऊंच्या घरच्या.

पहिले गेम उघडला. पास द्यायला.

देता येईना. पाळी भाऊंची होती.

त्यांचं घड्याळ चालू. पंचावन्न मिनिटं. संपलं की साईट मला जिंकवणार.

मला एकच बटण उरलं होतं, 'हार मानतो'. दाबलं. नुसतं गोल फिरत राहिलं. परत दाबलं. टाकीच्या कठड्यावर उभा राहून मोबाईलचा हात वर केला, तेव्हा रेंज लागली अन ते गेलं.

दुपारी कुरखेड्याला पोचलो. सगळं आटोपलं होतं.

"आता आला का रे?" बाई एवढंच बोलल्या, अन फळी काढून दिली.

चिंचोके मांडले. खडे मांडले. मोजलं. तेवीस घरांनी हरलो.

"झालं का रे तुमचं?"

"झालं बाई."

फळीखाली फॉर्म होता. माझं नाव भाऊंनीच लिहून ठेवलेलं, सही तेवढी बाकी.

केली.

भाऊ, लय थांबवलं तुमाले. पास.

आता तुमी डावावरून उठा. नमस्कार.