चांगला पाय

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजींच्या तळपायाला शुगरमुळे चिघळलेली जखम होती. डॉक्टर खाली बसले, जखमेच्या कडा न्याहाळल्या, भोवती दाबून म्हणाले, "दुखतं का?"

"काहीच कळत नाही रे."

नाडी बघायला त्यांनी पावलावर बोटं टेकवली, तोच आजींचा हात त्यांच्या डोक्यावर गेला. "औक्षवंत हो."

"आजी, नाडी बघतोय."

"असू दे. पायाला हात लागला की तोंडून निघतंच. बऱ्याच दिवसांत निघालं नव्हतं."

घरी मीही एकटाच असतो. माणसाला कुणाचा हात लागायला जखमच व्हावी लागते की काय?

पट्टी बांधून डॉक्टर उठू लागले. आजींनी दुसरा पाय पुढे केला.

"याला काही झालेलं नाही, आजी."

"तरी बघ."