शिवदाऱ्याचं दुसरं टोक

माकणीच्या शिवकांताची भूक काही मेली नव्हती. तव्यावर भाकरी फुगली की तिच्याही तोंडाला पाणी सुटे. पण लिंगपूजा झाल्याबिगर अन्नाला शिवायचं नाही, हा तिच्या लिंगायत माहेरचाही नेम आणि सासरचाही. आणि पूजाच होईना. गळ्यातलं इष्टलिंग वस्त्रातून सोडून डाव्या तळहातावर घेतलं की हात असा थरथरे, की देव खाली पडेल या धास्तीनं ती ते पुन्हा गुंडाळून ठेवी. पुन्हा सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. ऊन अंगण ओलांडून न्हाणीपर्यंत सरके, तेव्हा कुठं कशीबशी पूजा उरके. एखाद्या दिवशी तीही नाही. मग उपास.

ही निजामाच्या राज्यातली, चाळीस सालानंतरची गोष्ट. नवरा महालिंगप्पा गावात किराण्याचं दुकान चालवी. बायको उपाशी म्हटल्यावर त्याच्याही घशाखाली घास उतरत नसे. ताट झाकून तो मुकाट दुकानात परत जाई. शिवकांताच्या मनगटातल्या बांगड्या कोपराकडं घसरू लागल्या, तेव्हा त्यानं इलाज सुरू केला.

इलाज कशाचा, तर हाताचा. नळदुर्गच्या हकिमानं तेल दिलं. थोरली जाऊ महानंदा ते दोन्ही वेळ चोळून देई. कुणी दंडाला ताईत बांधला. हात तुकतुकीत झाला, थरथर तशीच. आणि नवल असं, की याच डाव्या हाताचा वेढा घालून शिवकांता भरली कळशी थेंब न सांडता घरी आणत होती. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

आदल्या साली तिचा गुरुलिंग तापानं गेला होता. सहा वर्षांचं पोर. त्याचं नाव काढायचं नाही, म्हणजे ती विसरेल, असं घरानं न बोलताच ठरवून टाकलं होतं.

दुखणं हातात नसावं, हे पहिल्यांदा महानंदाला वाटलं. मनातलं बोलून टाक म्हणाली. आणि शिवकांतानं तोंड उघडलं न उघडलं तोच, दुसरं मूल झालं की सगळं जाईल असं सांगत महानंदाच बारशाच्या नावापर्यंत पोचली. मठातले पंचाक्षरी अय्या भले माणूस. त्यांनी जन्ममरणाचं निरूपण केलं. ऐकताना बरं वाटलं, पण तिचं सांगायचं ते राहूनच गेलं. शेजारची मथुराबाई फार मऊ मनाची. ती ऐकायला बसली, आणि निम्म्यातच शिवकांताहून जास्त रडली. शेवटी शिवकांतानंच तिला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका शिवकांता येताच गप्प झाल्या आणि तिच्याकडं कीव आल्यासारखं बघू लागल्या. तेव्हापासून तिनं ओठ शिवले.

मग तिचा शिवदारा विरला. इष्टलिंग ज्या सुतात गळ्यात बांधतात तो शिवदारा. गावात तो वळायची नागम्मा. ही आळंदकडची म्हातारी, तिच्या मराठीला कानडीचा हेल. सोमवारी लिंगायताघरचे बैल जुंपत नाहीत, त्यामुळं शिवकांताला दिराच्या शेतात भाकरी पोचवायची नसे. त्या दिवशी ती नागम्माकडं गेली.

शिवदारा एकटीनं वळता येत नाही. एक टोक समोरच्या माणसानं ताणून धरायचं. दुसरीकडं नागम्मा पीळ देई, आणि जोडायचं सूत दातात धरी. म्हणजे धरणारीला उठता येत नाही आणि वळणारीला बोलता येत नाही. फार तर ‘हं’ म्हणता येतं.

पहिल्या सोमवारी शिवकांता उन्हाबद्दल बोलली, तुरीबद्दल बोलली. ती निघाली तेव्हा नागम्मानं दातातलं सूत काढलं.

“हितं बोललेलं हितंच ऱ्हातं. सूत अजून व्हायचंय, पुढल्या सोमवारी ये. आन् माझ्यापाशी न्हाय जमलं तर दुसरीकडं जा, पोरी. मला राग न्हाय यायचा.”

जा म्हणणारी बाई तिला पहिल्यांदाच भेटली होती. म्हणून ती परत आली. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी, सूत ताणलेलं असताना, तिच्या तोंडून निघून गेलं.

“त्याच्या हातात राहीना, अव्वा.”

“हं.”

“लिंग. मातीला नेताना डाव्या हातावर ठेवत्यात न्हवं का. हात एवढासा त्याचा. बोटं मिटंनात. मी म्हनलं, मी धरते त्याची मूठ. बायांनी मला मागं वढलं. दुसऱ्यांनीच मिटली.”

सूत थरथरू लागलं. दुसऱ्या टोकाला नागम्माच्या दातांना ते कळलं असणार. तिनं सूत बाजूला ठेवलं.

“जिता असताना कसा व्हता त्याचा हात?”

हे कुणी विचारलंच नव्हतं.

“चिकट,” ती म्हणाली. “दुकानातल्या गुळाच्या ढेपेत बोट घालायचा आन् माझ्या लुगड्याला पुसायचा.” ती हसली आणि हसता हसता रडू लागली. नागम्मानं पाणी दिलं नाही, पाठ थोपटली नाही. बसून राहिली.

लगेच काही झालं नाही. हात थरथरायचाच, पण आता ती देव घाईनं गुंडाळीत नसे. तो चिकट हात आठवी, थरथर जाईपर्यंत थांबे. सोमवार चुकवत नसे. महादेवाच्या कृपेनं पूजा लवकर उरकू लागली, ऊन न्हाणीपासून मागं मागं येऊ लागलं. तिला आलेला गुण बघून महानंदाही नागम्माकडं गेली, आणि करवादून परतली की बाई बोलतच नाही. तिला अय्यांचं निरूपणच मानवलं. शिवकांतानं तिला आग्रह केला नाही.

मग एका सकाळी महालिंगप्पा जेवायला आला तेव्हा दोन ताटं वाढलेली होती. शिवकांताच्या कपाळी ताजी विभूती, गळ्यात नवा शिवदारा. निम्मी भाकरी संपल्यावर त्याला राहवेना.

“नागम्मानं काय सांगितलं गं तुला?”

“काय न्हाय. त्यांच्या तोंडात सूत व्हतं.”

तो हसला. असा हसलेला तिनं बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. मग ताटाकडं बघत म्हणाला, “त्यानं बोट घातलेली ढेप म्या अजून इकली न्हाय. काळी पडली. गिऱ्हाईक मागतं, तर मागं सारतो.”

शिवकांतानं त्याला भाकरी वाढली नाही, समजूतही घातली नाही. ती “हं” म्हणाली, आणि तो बोलत राहिला.