समासातली ओळ

इस्रायलमधल्या दिमोनाहून काकूंचं निळं पत्र आलं, त्याला आता महिना होईल. शालोमकाका झोपेतच गेले, असं चार ओळींत कळवलं होतं. पाचवी ओळ माझ्यासाठी होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, त्याने वहीत लिहिलं का? मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा काका तिथे सुपरवायझर होते. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस, बोलणं थेट अलिबागकडचं. शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ते रिक्षातसुद्धा बसत नसत, बदल्यात रविवारची ड्यूटी करत. ही वही त्यांचीच. पानाच्या मधोमध कामाचा एक नियम आणि चारी समासांत मुंग्यांसारखी अक्षरं... नियम का आला, कुणी विरोध केला, कोण चुकला. मी हसलो, तेव्हा त्यांनी घरी नेऊन धर्मशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ दाखवला. त्याचीही पानं तशीच होती.

आधी यातला सगळा कायदा तोंडीच होता, ते सांगत. माणसं मरायला लागली, विसरायची भीती वाटली, म्हणून लिहिला. मग शेकडो वर्षं त्यावर वाद झाले आणि हरलेल्याचं मतही नावासकट जपलं गेलं. पुढे इजिप्तमधल्या एका वैद्याने वाद आणि नावं गाळून नुसते निर्णय सुटसुटीत लावून दिले. लोक चिडले, कारणं कुठे आहेत म्हणून. आणखी काही शतकांनी दुसऱ्या एकाने पुन्हा संहिता केली, तर पोलंडच्या एका पंडिताने तिच्यात जागोजागी आपल्या लोकांच्या चालीरीती घातल्या. समास काही कोरा राहिला नाही, असं म्हणताना काका खूश दिसत.

तपासणीसाठी नियमांचा स्वच्छ कागद हवा होता. मी एका दुपारी अख्खी वही दोन पानांत टाइप केली, खाली सही ठोकली. काकांनी वाचून विचारलं, "कारणं कुठं गेली रे?" कामगारांना नियम लागतात, किस्से नाहीत, असं मी ऐटीत म्हणालो. कागद टाकीजवळच्या भिंतीवर लागला.

पंखा लावून अर्धा तास झाल्याशिवाय टाकीत उतरू नये, हा त्यातला सातवा नियम. वहीत त्याच्या शेजारी काकांनी लिहिलं होतं, 'वास गेला म्हणजे वायू गेला असं नव्हे. फार झाला की आधी नाकच मरतं.' ती ओळ भिंतीवर आली नाही. एका शनिवारी वांगणीचा महादू टाकीत वाकला, वास नाय म्हणाला आणि दहा मिनिटांत उतरला, तो आतच कोसळला. काकांकडे माणूस धाडून मी फाटकाशी धावलो, तर थोड्याच वेळात काका रिक्षातून उतरत होते. शनिवारी, रिक्षातून. जीव वाचवायला शनिवार मोडावाच लागतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तोंडाला गॅस मास्क, कमरेला दोर बांधून त्यांनी महादूला वर काढलं. तो वाचला नाही.

चौकशीत ठरलं की नियम भिंतीवर होता, महादूने तो मोडला. मी गप्प बसलो. काकांनी समासातल्या ओळीचं सांगितलं, पण ती किस्सा ठरली. पुढे मुलांकडे इस्रायलला जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुझी नोंद राहिलीय. आमच्यात चुकलेल्याचंही नाव लिहितात."

गेल्या आठवड्यात कामासाठी बदलापूरच्या दुसऱ्या एका कारखान्यात गेलो होतो. टाकीजवळ काचेच्या चौकटीत तोच कागद, झेरॉक्सची झेरॉक्स, खाली माझी सही. पंखा लावणाऱ्या माणसाला विचारलं, अर्धा तास कशाला?

"वास जायला, साहेब."

"आणि आधीच गेला तर?"

"मग कशाला थांबायचं?"

चौकट उतरवून घेतली, काकांची ओळ शेजारी लिहिली, त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली. अशा अजून किती भिंती आहेत, मला ठाऊक नाही. बदलापूर, अंबरनाथ, शहाड... रोज कुणीतरी वाकून वास घेत असेल.

वही समोर उघडी आहे. सातव्या नियमाच्या डावीकडे काकांनी चार बोटं जागा कोरी ठेवलीय. इतकी वर्षं ती झाकून ठेवत आलो. आज तिथे लिहिलं, आणि तेच काकूंना कळवतोय: महादूने नियम मोडला, कारण तो का आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती ओळ मी गाळली. खाली नाव घातलं, पूर्ण.