अश्वगडच्या राजाचं मरण लांबणीवर

मंडळी, अश्वगडच्या कथेचा आजचा भाग टाकत नाहीये. लिहून तयार होता. त्यात म्हातारा राजा रणात घोड्यावरून पडून मरतो आणि राजपुत्र गादीसाठी भांडतात.

पण आज मंचरला वडिलांचं पोटाचं ऑपरेशन होतं. उभं आयुष्य त्यांनी शर्यतीत बैलगाड्यांपुढे घोडी पळवली. राजाची घोड्यावरची बैठक मी त्यांच्यावरूनच उचलली, हे त्यांनी केव्हाच ओळखलंय.

आत नेण्याआधी खाटेवरून म्हणाले, "तुजा राजा कुठवर आला?"

"लढाईला निघालाय."

"आन थोरला राजपुत्र?"

"सोबत आहे."

"मंग बरंय. मला वाटलं, बाप लढतोय आन हा बसलाय गोष्टी लिवत."

शेजारून आई म्हणाली, "त्या राजाला काय केलंस, तर घरी यायचं न्हाई."

शकुन-अपशकुनांची आयुष्यभर टिंगल करणाऱ्या मी निमूट मान हलवली.

ऑपरेशन झालंय, पण वडील अजून शुद्धीवर आलेले नाहीत. मी समोरच्या सायबर कॅफेत येऊन तो भाग पुसून टाकला.

आता या म्हाताऱ्या राजाला धडधाकट घरी आणायचंय. वाचणाऱ्याला पटेल असा उपाय कुणाला सुचतोय का?