जुन्या पिस्तुलाचे छरे

आमच्या गल्लीत किल्ल्या बनवणारी मावशी बावन्नाव्या वर्षी एअर पिस्तूल नेमबाजीच्या संघात गेली, आणि तीही कुणाच्या मेहरबानीने नाही. संघात जागा एकच उरली होती. ती आपल्या लाडक्या शिष्याला द्यायचं क्लबच्या प्रशिक्षकाने मनोमन ठरवून टाकलं होतं.

"मावशी, तुमच्या हातात क्लबचं जुनं पिस्तूल. निदान छरे तरी महागाचे घ्या, नाहीतर हसं होईल," तो तिला म्हणाला.

मावशीने दुकानातला लोखंडी शिकंजा उचलून आणला आणि रबर लावून त्यात पिस्तूल घट्ट आवळलं, म्हणजे हात हलला ही सबब नको. मग सहा डब्यांतले पाच-पाच छरे वेगवेगळ्या कागदांवर झाडले. सगळ्यात महागाचे छरे काळ्या गोलात इकडेतिकडे पांगले. सगळ्यात स्वस्त छऱ्यांनी मात्र एकाच जागी बटणाएवढं भोक पाडलं.

"अहो, त्या डबीवर 'फक्त सरावासाठी' लिहिलंय!" प्रशिक्षक ओरडला.

"पिस्तुलाला वाचता येतं का, साहेब?"

निवडीच्या दिवशी तिने तीच डबी उघडली. शेवटचा छरा उरला तेव्हा ती आणि शिष्य बरोबरीत होते. शिष्याला नऊ गुण पडले. मावशीने हात उचलला, मनासारखा नेम बसेना, खाली घेतला. मागे कुणीतरी खिदळलं. तिने पुन्हा हात उचलला. दहा! प्रशिक्षकाने कागद भिंगाखाली दोनदा धरला. दहाच.

संघाच्या यादीत तिचं नाव त्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं, आणि ते लिहून होईपर्यंत आमची अख्खी गल्ली त्याच्यासमोर उभी होती.