तिन्ही चाकं डावीकडे

आमच्या दुकानात टेबलाखाली एक पत्र्याचा डबा आहे. कुठल्या कुठल्या सायकलींचे उरलेले नट, वायसर, छर्रे त्यात पडत राहतात. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण एक दिवस डबा हलवायला जावं तर उचलवत नाही! दुकानासमोरच्या बाकड्यावरच्या गोष्टींचं तसंच झालंय. यंदा डबा आमच्या लेकीच्या, सईच्या सायकलीनेच भरला.

दुकान सायकल रिपेअरिंगचं, भिवंडीत, कशेळीकडे जाणाऱ्या रस्त्याला. मालक, मेकॅनिक आणि सर्वज्ञ असे तिन्ही एकच, सईचे पप्पा. मी कोपऱ्यात मशीन टाकून ब्लाऊज शिवते. बाकड्यावर यासीनचाचा कायमचे. कापडाचे लूम विकल्यापासून त्यांची ड्युटी आमच्याकडेच. दुसरा माझा भाऊ बबन, दिघाशीचा. टेम्पो चालवतो, भाडं नसलं की तोही बाकड्यावर. तिथे टेकलं की माणूस इंजिनीअर होतो. मी सातवी शिकलेली, म्हणून मी चहा करते.

* * *

सई सहावीत गेली. शाळा हायवेच्या पलीकडे. गोदामांकडे जाणारे कंटेनर दिवसभर चालू. सोमवारपासून ती सायकलने जाणार म्हटल्यावर माझी झोप उडाली. बबनने कल्याणहून गिअरची जाड टायरवाली सायकल टेम्पोत घालून आणली.

"कुठे आपटली नाही ना रे?"

"ताई, आडवी टाकली न् वर कापडाचे चार गठ्ठे ठेवले. जागची हलली न्हाय!"

यासीनचाचा म्हणाले, "इसको बोलते हैं पॅकिंग!"

* * *

दुसऱ्याच दिवशी मला दिसलं. मागचं चाक मधोमध नव्हतं. डावीकडे टायर दांडीला टेकायला आलेला, उजवीकडे दोन बोटं जागा. मी यांना दाखवलं.

"टायर नवा आहे. घासून घासून आपली जागा करेल."

"आणि तोवर कंटेनरसमोर चाक अडकलं तर?"

"अगं, तुला शिलाईत अर्धा दोरा इकडेतिकडे झाला तरी दिसतो. ही सायकल आहे, ब्लाऊज नाही!"

बाकडं हसलं. मी चहा टाकला. साखर मुद्दाम कमी.

* * *

मी रोज भुणभुण लावली तेव्हा यासीनचाचा उठले. तीस वर्षं लूम चालवलेला माणूस. "लूममध्ये काहीही हललं की पुठ्ठ्याची पट्टी ठोकायची. मशीन सरळ!" असं म्हणत त्यांनी बिस्किटच्या खोक्याची पट्टी फाडली आणि नटाखाली ठोकली.

सईने दोन फेऱ्या मारल्या. चेन पडली, पुठ्ठा चेपला, चाक आणखी डावीकडे गेलं.

चाचांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पहले जैसा पुठ्ठा अब आता नहीं."

* * *

मग बबनचा नंबर. त्याने सायकलकडे बघितलंच नाही, सईकडे बघितलं.

"दप्तर कुठल्या खांद्यावर घेतस?"

"डाव्या."

"झालं! सगला भार डावीकडे. चाकाचा दोष न्हाय, पोरीचा हाय."

सई म्हणाली, "मामा, शाळा सोमवारी सुरू होणार. सायकलवर दप्तर अजून घेतलंच नाही."

"मग सवयीचा भार असल," बबन म्हणाला.

पुरुषमाणसाचं एक बरं असतं. तोंडातून पडलेलं काही परत उचलावं लागत नाही.

* * *

शनिवार उजाडला तरी चाक तिथेच. मी म्हटलं, पोरगी सायकलने जाणार नाही. सई रडायला लागली. तेव्हा कुठे यांचा अभिमान जागा झाला. दुकानातलं नवं चाक काढून बसवलं. तेही डावीकडे टेकलं! चिडून दुसरं बसवलं. तेही डावीकडे!

तिघं जण बराच वेळ उकिडवे बसले. शेवटी यांनी निकाल दिला, "कंपनीचा सगळा लॉटच खराब निघाला. तिन्ही चाकं वाकडी!"

"आजकाल माल असाच हाय," बबन म्हणाला.

मी मशीनवरून उठले. "एका बाईला तीन ब्लाऊज घातले आणि तिन्ही एकाच खांद्यावरून उतरले, तर तुम्ही ब्लाऊज उसवाल की खांदा बघाल?"

मी पाना उचलून यांच्या हातात दिला.

"सईचं चाक उलटं घाला. उजवी बाजू डावीकडे."

"सायकल मागे चालवायचीय का?" यांनी विचारलं.

"घाला तर. दोष चाकात असेल तर आता उजवीकडे टेकेल."

चेन काढून घातलं. डावीकडेच टेकलं.

चाचांच्या खिशात सुताचा गुंडा सवयीने असतोच. त्यातला दोरा मी मागच्या डाव्या नटापासून नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घातला आणि उजव्या नटाला ताणून बांधला. सीटखालच्या दांड्यापाशी डावीकडे दोन बोटं शिरली. उजवीकडे एक बोट शिरेना. फ्रेमच वाकडी!

"नवी फ्रेम वाकेल कशी?" हे म्हणाले.

सई म्हणाली, "चार गठ्ठे."

बबनला एकदम भाडं आठवलं! टेम्पो काढून गेला तो संध्याकाळी दुसरी फ्रेम घेऊनच उगवला. या वेळी फ्रेम पुढे शेजारच्या सीटवर बसवून, पट्टा लावून आणली होती.

* * *

रविवारी सगळं नव्या फ्रेमवर चढवलं. चाक बरोबर मधोमध. दोरा मी स्वतः लावला, तीनदा. तिघांनी मला समजावलं, "आता पोरीच्या मागे मागे फिरू नकोस. हसतील लोक. सायकल आमच्या हाताखालून गेलीय."

मी म्हटलं, त्याचीच भीती आहे.

सोमवारी सई निघाली. मी पदर घेतला, पिशवी उचलली आणि लांबून मागे चालत सुटले.

हायवेपाशी पोचले तर चहाच्या टपरीवर यासीनचाचा. हा माणूस दहाच्या आत घराबाहेर पडत नाही! बशी तोंडाला लावलेली, नजर सईच्या मागच्या चाकावर. जरा पुढे बबनचा टेम्पो रस्त्यात आडवा, चारी लाईट लुकलुकतायत, मागचे ट्रकवाले शिव्या घालतायत, आणि बबन बॉनेट उघडून आत वाकलेला. आणि ऐन रस्त्याच्या मधोमध, एका हातात हवेचा पंप, दुसरा हात भल्या मोठ्या कंटेनरच्या तोंडासमोर धरून, सईचे पप्पा!

सईने कोणाकडेही बघितलं नाही. घंटी वाजवली आणि सरळ रेषेत पलीकडे निघून गेली.

तेवढ्यात यांना मी दिसले. कंटेनरवाला हॉर्न देतोय, पंप अजून हातात, आणि तिथूनच मला ओरडले,

"तू इथे कशाला आलीस? उगाच घाबरतेस!"